परदेशात गाडी चालवाल, पण लावाल कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवत फिरण्याविषयीचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख आवडीने वाचला. परवाना, विमा, उजव्या बाजूने चालवायची सवय, गोल चौकात आधी कोणी जायचं, हे सगळं लेखकाने तपशिलात सांगितलंय. पार्किंगच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलंय: 'स्थानिक लोक लावतात तिथे निर्धास्त लावा.' या 'निर्धास्त'वर माझा आक्षेप आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी निवृत्त गणित शिक्षिका. आमच्यात गाडी यजमान चालवतात आणि पाट्या मी वाचते. ही वाटणी जुनी आहे आणि माझ्या मते योग्यही आहे. अनोळखी शहरात, उलट्या बाजूच्या सीटवर बसून, मागे ट्राम येऊन ठेपलेली असताना चालवणाऱ्याने खांबावरच्या पाच ओळी वाचाव्यात ही अपेक्षाच चूक. मी उतरते, खांबापर्यंत जाते, पाटी वरून खाली वाचते, मग रस्त्यावरचा रंग बघते, मग पुढचा खांब शोधते. यजमान तोवर 'चल, चल' करत असतात. करू देत.

आधी त्या स्थानिक लोकांचं बघू. युरोपातल्या अनेक मोठ्या शहरांत राहत्या वस्तीतल्या जागा रहिवाशांसाठी राखलेल्या असतात, नाहीतर त्यांना तिथे वेगळी सवलत असते. माद्रिदमध्ये हिरव्या पट्ट्यांतल्या जागांवर पहिला मान रहिवाशांचा. बाहेरच्यांसाठी निळ्या पट्ट्या बऱ्या. पूर्वी रहिवाशाच्या गाडीच्या काचेवर परवान्याचा कागद तरी दिसायचा. आता लंडनच्या बऱ्याच भागांत आणि ॲमस्टरडॅममध्ये परवाना थेट गाडीच्या नंबरला जोडलेला असतो, काचेवर काहीच नसतं. ॲमस्टरडॅममध्ये तर कॅमेरे बसवलेली गाडी गल्लोगल्ली फिरून नंबर प्लेटा वाचत जाते. ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांपैकी कोणाकडे परवाना आहे, कोणी पैसे भरलेत, हे तिला कळतं. आपल्याला कळायला काही मार्ग नाही.

युरोपातल्या पाट्यांची एक मोठी सोय आहे, तीही लेखात यायला हवी होती. १९६८ साली व्हिएन्नात रस्त्यावरच्या चिन्हांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यामुळे बऱ्याच देशांत निळी गोल पाटी, तिला लाल कड आणि आत एक तिरपी लाल रेघ दिसली की पार्किंगला मनाई, आणि दोन रेघांची फुली दिसली की थांबायलाच मनाई. पहिल्या पाटीखाली माणूस उतरवायला, सामान काढायला थांबता येतं. फुलीखाली तेवढंही नाही. 'दोन मिनिटांचं तर काम आहे' म्हणणारे सगळीकडेच असणार, कारण जर्मनीने त्याचा हिशोब कायद्यातच घालून ठेवलाय: तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबलात किंवा गाडी सोडून गेलात की ते पार्किंग. यजमान इंजिन चालू ठेवून सीटवर बसून राहिले, तरी चौथ्या मिनिटाला ते पार्किंगच. आणि पाटीवर बारीकसा पांढरा बाण असतो, तो शोभेचा नाही. जर्मनीत बाणाचं टोक रस्त्याकडे असेल तर मनाई तिथून सुरू होते, रस्त्यापासून लांब वळलेलं असेल तर तिथे संपते. म्हणजे एकाच खांबाच्या अलीकडे गाडी लावली तर दंड आणि पलीकडे लावली तर नाही, असं होऊ शकतं.

हल्ली कोणीही सांगतं, फोनचा कॅमेरा पाटीवर धरा, भाषांतर हजर. शब्द असतील तर ठीक. स्वीडनमधल्या पाटीवर पुष्कळदा शब्द नसतातच, नुसते आकडे असतात. समजा एकाखाली एक तीन ओळी आहेत: ८–१८, मग कंसात ८–१५, मग लाल रंगात ८–१३. वाराचं नाव कुठेही नाही. साधे आकडे म्हणजे सोमवार ते शुक्रवार, कंसातले म्हणजे शनिवार आणि लाल म्हणजे रविवार. एवढ्यावर थांबलात तर अर्धंच कळलं. लाल आकडे सरकारी सुट्टीलाही लागू होतात आणि कंसातले सुट्टीच्या आदल्या दिवशी. १ मे ही तिथे सुट्टी; मग ३० एप्रिल मंगळवारी आला तरी पार्किंगच्या हिशोबाने त्या दिवशी शनिवारचीच वेळ. कंस आधी सोडवा म्हणून वर्षानुवर्षं मुलांच्या मागे लागणाऱ्या बाईला हे फार आवडलं, हे कबूल करते. फिनलंड आणि नॉर्वेमध्येही साधारण हीच रीत आहे.

त्याच स्वीडनमधली दुसरी पाटी याहून वाईट. स्टॉकहोममध्ये रस्ते साफ करायला आठवड्यातली एक रात्र ठरलेली असते आणि पाटीवर लिहिलेलं असतं, गुरुवार ०–६. आपण मनात म्हणतो, गुरुवारी रात्री गाडी हलवायची. चूक. गुरुवारचे शून्य वाजतात बुधवारची रात्र संपताना. बुधवारी संध्याकाळी जेवून हॉटेलवर झोपायला गेलात की मध्यरात्रीपासून तुमची गाडी बेकायदा उभी. फोनने 'गुरुवार' हे भाषांतर अचूकच केलेलं असतं.

इटलीत शब्दांऐवजी चित्रं आहेत. वेळेशेजारी एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन हातोडे असतील तर तो नियम कामाच्या दिवसांचा, क्रॉस असेल तर रविवार आणि सुट्टीचा. आणि कामाच्या दिवसांत शनिवार धरलेला असतो. जर्मनीतही तसंच: पाटीवर कामाचे दिवस लिहिले असतील तर शनिवार त्यात येतो. पाच दिवसांच्या आठवड्यात नोकरी केलेल्यांना हे पटत नाही, पण पाटीला त्याचं काही नाही. पट्ट्यांचे रंग इटलीत सर्वसाधारणपणे असे: पांढऱ्या फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या कोणासाठी तरी राखीव. जुन्या शहरांच्या आतल्या भागात तर मोटार न्यायलाच मर्यादा असते आणि वेशीवर कॅमेरे असतात. तिथे गाडी कुठे लावायची हा विचार वेशीबाहेरच करून ठेवायचा.

माझ्या आवडीचा विषय म्हणजे निळी तबकडी. पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची, घड्याळासारखी फिरणारी. पॅरिसमध्ये १९५७ साली निळे विभाग सुरू झाले तेव्हा ही आली आणि नंतर युरोपभर पसरली. जागा फुकट, पण तासा-दोन तासांपुरती. आपण कधी आलो ते तबकडीवर लावून ती काचेमागे दिसेल अशी ठेवायची. यंत्र नाही, पावती नाही, सगळा विश्वासाचा मामला. खुबी आहे ती लावण्याच्या नियमात. जर्मनीत आल्याची नेमकी वेळ लावायची नसते, तिच्या पुढचा अर्धा तास लावायचा. १० वाजून ५ मिनिटांनी आलात तर साडेदहा. दोन तासांची मुभा असेल तर साडेबारापर्यंत थांबा, वरची २५ मिनिटं कायदा स्वतः देतो. १० वाजून २८ मिनिटांनी आलात तर दोनच मिनिटं पदरात पडतात. पाच मिनिटं गाडीत बसून साडेदहा उलटू दिले तर तबकडी अकरावर जाते, असं मी यजमानांना सुचवलं. गणिताने बरोबर असलं तरी कायद्याच्या भाषेत ती पाच मिनिटंही पार्किंगच, त्यामुळे हा उद्योग पार्किंगच्या आखलेल्या जागेबाहेर करावा लागतो आणि तेवढ्यात जागा दुसराच पटकावतो. स्वित्झर्लंडच्या निळ्या पट्ट्यांतही पुढचाच अर्धा तास लावतात, वर एक तासाची मुभा. शिवाय दुपारची खास सवलत: साडेअकरा ते दीडच्या दरम्यान आलात तर अडीचपर्यंत हलायचं कारण नाही. आणि इटली-फ्रान्समध्ये गेलात की हे सगळं विसरायचं, तिथे आल्याची खरी वेळ लावायची. वेळ संपत आली म्हणून बाहेर जाऊन तबकडी पुढे सरकवणं कुठेही चालत नाही. भाड्याची गाडी ताब्यात घेताना कप्प्यात तबकडी आहे का ते बघा, नसेल तर काउंटरवर मागा. जर्मनीत पैसे भरायचं यंत्र बंद असेल तेव्हाही तीच कामी येते.

ब्रिटनला हे सगळं कमी पडलं म्हणून की काय, तिथे नियम गाडीपासून लांब ठेवलेत. कडेला दोन पिवळ्या रेघा म्हणजे पार्किंग कधीच नाही, आणि त्यासाठी पाटी असायची गरजही नाही. एक पिवळी रेघ म्हणजे ठरावीक वेळी मनाई, ती वेळ जवळच्या छोट्या पाटीवर. पण समजा जवळ पाटीच नाही. आपण आनंदाने गाडी लावतो. ती पाटी चार गल्ल्या मागे असते, जिथून त्या नियंत्रित विभागात शिरलो तिथे, एकदाच, वळणावर. सोमवार ते शुक्रवार अमुक ते अमुक, एवढाच मजकूर. वळताना तो दिसला नाही तर आत सगळं मोकळंच वाटतं. त्यामुळे लंडनमध्ये माझं काम गाडी लावायच्या खूप आधी सुरू होतं. वेम्बली स्टेडियमच्या आसपास आणखी एक भर: सामना किंवा मोठा कार्यक्रम असेल त्या दिवशी नेहमीचे नियम बदलतात आणि पुढची तारीख प्रवेशाच्या पाटीवर लावलेली असते. फुटपाथच्या कडेवर आडवे पिवळे फटकारे दिसले तर तो माल चढवण्या-उतरवण्यावरचा निर्बंध. लाल रेघा दिसल्या तर थांबायचंच नाही. झेब्रा क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंच्या नागमोडी पांढऱ्या रेघांवरही नाही. लंडनमध्ये फुटपाथवर चाक चढवायला तर १९७४ पासून मनाई आहे, खास परवानगीची पाटी असेल तिथेच मुभा.

अमेरिकेत चिन्हांपेक्षा वाक्यंच जास्त. न्यूयॉर्कमध्ये एका खांबावर चार-चार पाट्या आणि मनाईच्या तीन पायऱ्या. पहिलीत गाडी लावून जाता येत नाही, पण सामान आणि माणसं चढवता-उतरवता येतात. दुसरीत फक्त माणसं. तिसरीत काहीच नाही. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासांत रस्त्याची एक बाजू झाडायला रिकामी करावी लागते. ही पद्धत १९५० पासून चालू आहे. सणांना त्यातून सुट्टी मिळते आणि त्या यादीत दिवाळीही आहे. पण ती सुट्टी फक्त झाडण्यापुरती, मीटरचे पैसे दिवाळीलाही भरायचेत. या पाट्या तिथल्या लोकांनाही कळत नाहीत हे शहराने स्वतःच मान्य केलं: २०१३ साली मॅनहॅटनमधल्या काही पाट्यांची नव्याने मांडणी केली तेव्हा सुमारे २५० अक्षरांचा मजकूर १४० पर्यंत खाली आणला. पुढच्या वर्षी निकी सिलियान्तेंग या डिझायनर तरुणीने आठवड्याचा तक्ता काढला, आडवे वार, उभे तास, हिरवं म्हणजे लावा, लाल म्हणजे नको. तो तिने ब्रुकलिनमधल्या सरकारी पाट्यांखाली नेऊन लावला आणि लोकांना त्यावरच शेरे लिहायला सांगितलं. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसने अशा तक्त्याच्या पाट्या प्रायोगिक म्हणून उभ्या केल्या. वेळापत्रकासारखी पाटी शाळेतल्या मुलालाही वाचता येते. बाकी शहरांनी एवढी वर्षं काय केलं, असा माझा साधा प्रश्न आहे.

जे कुठेच लिहिलेलं नसतं त्याबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. अग्निशामक नळापासून न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात १५ फूट सोडायचे. तिथे पाटी असेलच असं नाही. कॅलिफोर्नियात फुटपाथच्या कडेचा रंग बोलतो: लाल म्हणजे नाही, पिवळा मालासाठी, पांढरा माणसं चढवा-उतरवायला, हिरवा थोड्या वेळापुरता, निळा अपंगांसाठी. पण पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगच्या अलीकडचे २० फूट आता रंग नसला तरी मोकळे ठेवावे लागतात. २०२४ पासून ताकीद देत होते, २०२५ पासून दंड. सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवर चाकं वळवून लावणं सक्तीचं, तीन टक्क्यांहून जास्त चढ-उतार असला की झालं. उताराकडे तोंड असेल तर चाकं कडेच्या दिशेने, चढाकडे असेल तर विरुद्ध. जर्मनीत चौकापासून पाच मीटर, स्वीडनमध्ये दहा. ऑस्ट्रेलियात सिग्नल नसलेल्या चौकापासून दहा, सिग्नल असेल तर वीस, पाटीने वेगळी मुभा दिली नसेल तर. आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जर्मनीत दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर समोरच्या बाजूला जागा दिसली म्हणून तसंच तिरकं जाऊन लावता येत नाही. गाडीचं तोंड त्या बाजूच्या वाहतुकीच्या दिशेलाच हवं. ब्रिटनमध्ये हा नियम रात्रीपुरता आहे.

नातेवाइकांना विचारून घ्यावं, तर त्यांची माहितीही शिळी होते. दुबईत वर्षानुवर्षं शुक्रवारी पार्किंग फुकट होतं. २०२२ मध्ये तिथली साप्ताहिक सुट्टी बदलल्यावर तो दिवस रविवार झाला. फ्रान्समध्ये २०१८ च्या आधी पैसे न भरल्याचा दंड देशभर सारखा होता, आता ती रक्कम प्रत्येक शहर आपापली ठरवतं.

विमानतळाजवळ किंवा हॉटेलपाशी गाडी ठेवून आठवडाभर रेल्वेने फिरायला जाणाऱ्यांनी तर विशेष जपावं. आज जिथे लावायला परवानगी आहे तिथे परवा असेलच असं नाही. जर्मनीत कोणाचं घर हलवायचं असलं तरी रस्त्यावर तात्पुरत्या मनाईच्या पाट्या लागतात, खाली तारीख लिहून. पाटी लागून पूर्ण तीन दिवस उलटले की गाडी उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी. मालक गावात होता की नव्हता हे बघत नाहीत. माँट्रियलला हिवाळ्यात बर्फ उचलायच्या आधी नारिंगी पाट्या लावतात, आणि गाड्या ओढून नेण्याआधी भोंगा वाजवत फिरतात. फ्रान्समध्ये काही गावांत महिन्याचे पहिले पंधरा दिवस विषम घरक्रमांकांच्या बाजूला गाड्या लावायच्या, सोळा तारखेपासून सम बाजूला. बदल आदल्या रात्री साडेआठ ते नऊच्या दरम्यान. सम-विषम शिकून काय उपयोग असं विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हे कळवायला हवं.

पैसे फोनवरच्या ॲपने भरताना गाडीचा नंबर चावीला अडकवलेल्या चिठ्ठीवरून न घेता प्रत्यक्ष प्लेटवरून घालावा, आणि खांबावरचा विभागाचा क्रमांक जुळतोय ना ते बघावं. शेजारच्या विभागाचे पैसे भरले तर ते न भरल्यासारखेच. मी पाटी, पट्टी आणि गाडी तिन्ही एका फोटोत येतील असा फोटो काढून ठेवते. कारण काचेवर चिठ्ठी नाही म्हणजे प्रकरण मिटलं असं होत नाही. दंड आधी गाडीच्या मालकाकडे, म्हणजे भाडे-कंपनीकडे जातो. ती चालकाचं नाव-पत्ता कळवते, पुष्कळदा त्या कामाचे वेगळे पैसे कापते, आणि मूळ दंड त्यानंतर येतो. इटलीत परदेशी माणसाला नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत आहे, आणि ती मिळाल्यापासून पाच दिवसांत भरली तर बऱ्याचशा दंडांत ३० टक्के सूट. ब्रिटनमध्ये स्थानिक पालिकेचा दंड चौदा दिवसांत भरला तर साधारण निम्मा होतो. तेव्हा घरी परतल्यावर अनोळखी पाकीट किंवा ई-मेल आला तर जाहिरात समजून टाकून देऊ नये.

माझी विनंती एवढीच, की त्या लेखाचा पुढचा भाग म्हणून आपण फक्त पार्किंगवर एक पान द्यावं. देशवार पाट्यांची चित्रं द्यावीत, मजकूर कमी असला तरी चालेल. आणि पान रंगीत हवं. काळ्या-पांढऱ्या पानावर स्वीडनचे लाल आकडे काळे उमटले, तर आपले वाचक रविवारचा नियम सोमवारी पाळत बसतील.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त गणित शिक्षिका